दिवाणांची वाणी

बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, बसवकल्याणच्या मुलखात वसलेल्या मुडबीसारख्या गावाने गेल्या दीडशे वर्षांत जितक्या राजवटी पाहिल्या, तितक्या पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या वाट्याला त्याच मुदतीत आल्या नाहीत. आणि १९५२ पूर्वीच्या राजवटींपैकी एकही या गावाने निवडलेली नसली, तरी आपण राज्य का करतो याचे काही ना काही कारण प्रत्येकीने सांगितले होते.

हैदराबाद संस्थान निजामाचे, असे आपण सहज म्हणून जातो. दफ्तर उघडले म्हणजे दिसते ते मात्र बव्हंशी कारभाऱ्यांचे राज्य. कोणी महसुलाचा जाणता, कोणी हिशेबनीस, कोणी अभियंता, कोणी सेनापती, आणि अखेरीस एक आय.सी.एस. अधिकारी. सिंहासनाचा वारसा यांपैकी कोणाकडे नव्हता आणि रयतेचा कौल कोणी मागितलेला नव्हता. सत्तेच्या समर्थनासाठी त्यांच्या हाती उरला तो केवळ आपल्या कामाचा ताळेबंद. प्रस्तुत लेखकाच्या मते हे ताळेबंद बहुधा खरे होते. दोष होता तो ते कोणापुढे वाचले गेले यात.

१८५३ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी दिवाणगिरीची वस्त्रे स्वीकारणाऱ्या पहिल्या सालारजंगांनी महसुलाचे इजारे देण्याची वहिवाट मोडून काढली, १८६५ पासून जिल्हाबंदी अमलात आणली आणि तालुकदार-तहसीलदारांची पगारी उतरंड उभी केली. संस्थान आता आपली देणी फेडण्यास समर्थ आहे, सबब इंग्रजांकडे गेलेले वऱ्हाड परत मिळावे, हा त्यांचा आग्रह वर्षानुवर्षे चालला. पण या युक्तिवादाचा श्रोता रेसिडेन्सीत बसलेला होता. संस्थानची दरबारी भाषा १८८४ पर्यंत फारसी होती आणि त्यानंतर उर्दू झाली. कानडी-मराठी बोलणाऱ्या गावात सरकारची वाणी पोहोचे ती मालीपटेल, पोलीसपटेल आणि पटवारी यांच्या तोंडून, आणि तीही मुख्यतः वसुलीच्या हंगामात.

या परंपरेतील सर्वांत कुशल वक्ते मात्र सर अकबर हैदरी. मुंबईत जन्मलेले हे गृहस्थ १९०५ साली हिशेबखात्याचे प्रमुख म्हणून हैदराबादेस आले, खातेवार अर्थसंकल्पाची शिस्त त्यांनी घालून दिली, उस्मानिया विद्यापीठाची कल्पना मांडली, १९३० साली रेल्वे संस्थानच्या मालकीची झाली ती त्यांच्याच अर्थकारणामुळे, आणि १९३७ साली ते कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी राजकीय सुधारणांचा विचार करण्यासाठी दिवाणबहादुर अरवमुदू अय्यंगार यांची समिती नेमण्यात आली. प्रजेचे प्रतिनिधित्व राजा स्वतःच करतो, निवडून आलेले येतील आणि जातील, असा या सुधारणांमागील विचाराचा मथितार्थ होता. प्रतिनिधी घ्यायचे तर ते प्रदेशवार न घेता जमीनदार, वकील, व्यापारी अशा हितसंबंधांनुसार घ्यावेत, अशी शिफारस होती. मुडबीची रयत गाव म्हणून काही बोलू शकते, हे या योजनेत कोठे बसतच नव्हते.

आणि बोलू पाहणाऱ्यांसाठी ‘गश्ती निशान ५३’ होतीच. सभा भरवायची तर आगाऊ परवानगी घ्यावी, अशा अर्थाची ही परिपत्रकी आज्ञा मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांच्या आठवणींत वारंवार भेटते. १९३८ च्या सप्टेंबरात स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच बेकायदा ठरवण्यात आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू होऊन स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. डिसेंबरात आर्यसमाजाचे भाई श्यामलाल बिदरच्या तुरुंगातच वारले. शिलकी अंदाजपत्रक आणि स्टेट काँग्रेसवरील बंदी ही एकाच लेखणीची दोन कामे होती, हे हैदरींच्या चाहत्यांनी विसरू नये.

हैदरींनंतरच्या कारभाऱ्यांपैकी, संस्थानचे अखेरचे पंतप्रधान मीर लायक अली हे पेशाने अभियंता व कारखानदार. त्यांचे सरकार संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागण्याच्या तयारीला लागण्याआधीच, १९४८ च्या मे महिन्यात, बसवकल्याणच्या परिसरातील गोरटा गावी रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, माणसे कापून काढली होती. सप्टेंबरात भारतीय फौजा आल्या. त्या कारवाईच्या सुमारास व नंतर मुसलमानांचा जो संहार झाला, त्याची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल यांच्या मंडळाने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळलेले म्हणून नोंदवले. तो अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. जनरल चौधरींच्या लष्करी राजवटीने जहागिरी खालसा केल्याचे जाहीरपणे सांगितले. सुंदरलाल मंडळाच्या अहवालाबद्दल मात्र सरकारे गप्प राहिली.

२६ जानेवारी १९५० रोजी सार्वभौमत्व जनतेचे आहे असे सांगणारी राज्यघटना अमलात आली, आणि नेमक्या त्याच दिवशी एम. के. वेलोडी हे सनदी अधिकारी, एकही मत न मागता, हैदराबादचे मुख्यमंत्री झाले! समर्थनाची रीत येथे किंचित बदलली. आम्ही कायमचे नाही, कायदा व सुव्यवस्था स्थिरावली की निवडणुका होतील, हा आता आधार होता. न्यायाने सांगितले पाहिजे की तो खोटा ठरला नाही. त्या वर्षीच्या जूनमध्ये बुर्गुल रामकृष्णराव, फूलचंद गांधी, विनायकराव विद्यालंकार आदी काँग्रेसजन मंत्रिमंडळात आले, आणि १९५० च्या कूळकायद्याने ‘संरक्षित कूळ’ हा हक्क निर्माण केला. पण सातास सहा या दराने संस्थानी हाली रुपयाचे भारतीय कलदार करून घेणाऱ्या, लेव्हीचे धान्य मोजून देणाऱ्या शेतकऱ्याला लेव्हीचा आकडा कोणी ठरवला हे विचारण्याची सोय ६ मार्च १९५२ रोजी रामकृष्णरावांचा शपथविधी होईपर्यंत नव्हतीच.

तज्ज्ञांची शेवटची वाणी राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाची. न्यायमूर्ती, मुत्सद्दी-इतिहासकार आणि सार्वजनिक जीवनातील जाणते अशा तिघांनी ३० सप्टेंबर १९५५ च्या अहवालात मराठवाडा व कानडी जिल्हे वेगळे काढून बिदर मात्र उर्वरित हैदराबादेतच ठेवावा असे सुचवले. दिल्लीत ते टिकले नाही. याच पुनर्रचनेतील मुंबई शहराच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांसारखा, रिझर्व्ह बँकेतून राजकारणात आलेला अर्थमंत्री १९५६ च्या जुलैत, मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय झाल्याचा जाहीर आरोप करून पायउतार झाला. मराठी तज्ज्ञाने सरकारच्या समर्थनाऐवजी सरकारला जाब विचारण्यासाठी वाणी वापरल्याचे असे दुसरे ठळक उदाहरण मला आठवत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदरचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर व निलंगा मुंबई राज्यात गेले, जहिराबाद व नारायणखेड आंध्रात, आणि मुडबीसह उरलेला भाग म्हैसुरात. इथल्या मराठी भाषकांची नाराजी त्याने मिटली नाही, ती पुढे ठराव, मोर्चे आणि आयोगांतून चालूच राहिली. फरक इतकाच, की १९५७ साली या वाटणीचे समर्थन करणाऱ्यांना मुडबीत मते मागावी लागली.