स्प्रिंग कापली म्हणजे गाडी ‘लोअर’ झाली?

ग्राइंडरने स्प्रिंगचा एक वेढा कापला की गाडी खाली बसते, पैसेही वाचतात. पण सहा वेढ्यांवर काम करणाऱ्या स्प्रिंगचा एक वेढा गेला की ती सुमारे २० टक्के कडक होते. लांबी मात्र कमी झालेली असते, त्यामुळे चाक खड्ड्यात लोंबकळलं की ती बैठकीत सैल पडते, कधी सरकतेही. हे काम कुणीही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लोअरिंगसाठी बनवलेली स्प्रिंग आखूड आणि कडक असली तरी चाक लोंबकळतानाही दाबाखाली राहील, अशा बेताने घडवलेली असते.

‘स्प्रिंग नवीन टाका, शॉकअप जुनेच चालतील’ हेही सर्रास ऐकू येतं. स्प्रिंग वजन पेलते, तिची उसळी शॉकअप आवरतो. कंपनीचा शॉकअप मऊ स्प्रिंगच्या हिशेबाने बनलेला असतो. गाडी ३० मिमी खाली आली की त्याचा दांडा आधीच तेवढा आत गेलेला असतो. मग भरल्या गाडीत प्रत्येक गतिरोधकावर बंपस्टॉपचा दणका बसतो. म्हणून कमी स्ट्रोकचे, त्या स्प्रिंगला जुळणारे शॉकअप सोबतच बसवावेत.

सगळ्यात चिवट समज म्हणजे जितकी खाली, तितकी वळणावर पक्की. गुरुत्वमध्य ५५० मिमीवर असेल तर ३० मिमीने फायदा जेमतेम पाच टक्के. उलट मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत खालच्या आर्मचं चाकाकडचं टोक वर उचललं जातं आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर बॉडीपेक्षाही जास्त खाली घसरतो. कलवणारी तरफ त्यामुळे लांबते. कडक स्प्रिंग हे झाकते, इतकंच. फार खाली गेलेली गाडी खडबडीत वळणावर पकड गमावते.

गाडी खाली आणल्यावर चाकांचं अलाइनमेंट टाळलं तर टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवून पाहा, काही महिन्यांत तिथली नक्षी गुळगुळीत लागेल.

कायद्याचंही पाहावं लागतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल चालत नाही. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारून घ्या.

आणि मेकॅनिकला एक नक्की सांगा: खालच्या आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू नकोस. चारही चाकं जमिनीवर टेकू देत, मग आवळ. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.