जुन्या फटफटीला तेलाचा काटा हवा का?

पुष्कळ गावांतून एखादी जुनी बुलेट आजही धावताना दिसते. कोणी तिच्यावर दुधाच्या किटल्या बांधून डेअरी गाठतो, कोणी गुरुजी दोन कोसांवरच्या शाळेत जातात. या फटफटीचे मूळ इंग्लंडातल्या रेडिच गावचे. १९५५ साली मद्रासेत तिचा कारखाना निघाला आणि पुढे ती इथलीच झाली. आता अशा जुन्या गाडीच्या मालकाला कोणी तरी सांगतो, “अहो, हँडलवर तेलाचा काटा बसवून घ्या, म्हणजे इंजिनाची काळजी मिटली.” खरेच मिटते का? पैसे खर्चण्यापूर्वी जरा विचार करू या.

मोटारीच्या इंजिनाला थंड करायला बहुधा पाणी असते. जुन्या फटफटीला ते नाही. सिलिंडरवर ज्या पातळ पात्या दिसतात, त्यांना वारा लागून इंजिन निवते. पण वारा पोचतो तो बाहेरच्या अंगाला. आतली उष्णता उचलून बाहेर आणण्याचे काम तेल करते. म्हणजे तेलाची कामे दोन: घासणाऱ्या भागांना वंगण देणे आणि उष्णता वाहून नेणे. जुन्या बुलेटमध्ये सुमारे सव्वादोन लिटर तेल इंजिनाच्याच ओतीव घरातल्या एका कप्प्यात राहते. एक पंप ते पुढे धाडतो, दुसरा परत आणतो. हा फेरा थांबला की पहिला घाव बसतो कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला, म्हणजे मिस्त्री ज्याला ‘बिग एंड’ म्हणतात त्याला. मग सगळे इंजिन उतरवून खोलावे लागते. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहते, आणि दूध काही तेवढे दिवस थांबत नाही!

काटे दोन प्रकारचे मिळतात. एक दाबाचा, दुसरा उष्णतेचा. आधी दाबाचा घेऊ.

विहिरीवरचा पंप चालू आहे. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून धरा. आतला दाब वाढला, पण शेतात पाणी जास्त गेले का? नाही, उलट कमीच गेले. तेलाचेही तसेच. दाब म्हणजे वाटेतला अडथळा किती, याचे माप. तेल किती पोचले, याचे ते माप नव्हे. वाट पुढे कुठे तुंबली असेल तर काटा वर चढलेला दिसेल आणि पलीकडचा भाग कोरडा पडेल.

शिवाय जुन्या बुलेटची रचनाच कमी दाबाची आहे. गाडी चांगली तापली आणि इंजिन सावकाश चालत असले, की काटा खाली शून्याजवळ येतो. मालक घाबरतो आणि अधिक दाट तेल ओततो. काटा वर येतो, मालक खूष! पण पहाटेच्या थंडीत तेच दाट तेल ओढायला पंपाला जड जाते, आणि सुरू झाल्याबरोबर वंगण पोचायला हवे तिथे ते उशिरा पोचते.

शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात सहज दाखवता येईल. दोन सारख्या वाट्यांत काकवी घ्या. एक वाटी कोमट पाण्यात ठेवा, दुसरी तशीच. मग दोन्ही तिरप्या पाटीवर ओता. कोणती आधी खाली येते, ते मुलेच सांगतील. तापलेले तेल पातळ होते, म्हणून काटा उतरतो. दर वेळी त्यात बिघाड असतोच असे नाही.

मग दाबाचा काटा निरुपयोगी का? तसेही नाही. आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा ठाऊक असेल, आणि महिन्या-दोन महिन्यांत तो तेवढ्याच गरमीत, तेवढ्याच वेगात खाली खाली येऊ लागला, तर पंप झिजला, बेअरिंग सैल झाले किंवा तेल कमी पडले, अशी शंका घ्यावी. म्हणजे काट्याबरोबर एक वहीही हवी, बरं का!

उष्णतेचा काटा समजायला सोपा. सर्वसाधारणपणे तेल ८० ते ११० अंश सेल्सिअस असले म्हणजे ठीक. १३०च्या पुढे ते फार पातळ होते आणि लवकर खराब होते. वैशाखात ओझे घेऊन घाट चढताना असे होऊ शकते. अशा वेळी सावलीत थांबावे. उलट, रोज मैल-दीड मैलाचीच फेरी असेल तर तेल पुरते तापतच नाही. आत पाण्याचा अंश साठतो आणि टोपणाखाली पांढुरका फेस दिसतो. हेही नुकसानच.

बसवण्यातला धोकाही सांगायला हवा. एका सिलिंडरचे इंजिन फार हादरते. दाबाच्या काट्याला जाणारी तांब्याची बारीक नळी हादऱ्यांनी कडक होऊन चिरते. मग तेल जाते ते जातेच, शिवाय मागच्या टायरवर उडाले तर माणूस पडतो. बसवायचाच असेल तर जाळीचे आवरण असलेली लवचीक नळी घ्या. उष्णतेचा काटा तेलाच्या टोपणाच्या जागी बसणारा मिळतो. त्याला भोक पाडावे लागत नाही. मात्र तो आपल्याच मॉडेलचा आहे ना, एवढे पाहून घ्या.

काटा नसतानाही पुष्कळ करता येते. पाच मिनिटे इंजिन चालवून, बंद करून, मगच तेलाची पातळी पाहा. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की तेल झिरपून खालच्या घरात उतरते आणि पट्टीवर कमी दिसते. ते पाहून वरून ओतू नका. तेल आणि फिल्टर वेळेवर बदला. पात्यांतला चिखल काढा. इंजिन सावकाश चालू ठेवून डोक्याकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट मिस्त्रीकडून किंचित सैल करून घ्या. तिथे तेल पाझरले, तर फेरा चालू आहे असे समजावे.

तेव्हा खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी चांगले तेल, फिल्टर आणि पंपाची तपासणी. घाटात ओझे नेत असाल तर त्यानंतर उष्णतेचा काटा. दाबाचा काटा सर्वांत शेवटी, आणि तोही वही ठेवण्याची तयारी असेल तरच. काटा फक्त खबर देतो. खबर मिळाल्यावर गाडी थांबवायची ती तुम्हीच.