झोळीतून पलंगावर

श्रोतेहो, कवीला आकाशवाणीवर बोलावले म्हणजे तो कवितेवर बोलणार, असे आपण गृहीत धरले असेल. आज मी लेकरांच्या रात्रीच्या कपड्यांवर बोलणार आहे. विषय लहान वाटेल, पण आमच्या घरात तो लहान नाही. का, ते पुढे सांगतो.

गुरुकुंज मोझरीत सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आटोपली, की आमच्या अडीच वर्षांच्या नातीची झोपेची वेळ होते. परवापरवापर्यंत ती झोळीत झोपायची. आजीची जुनी साडी आढ्याला बांधली की झाली झोळी. झोळीत लेकरू चहूबाजूंनी कापडातच असते. हलायला जागा नाही, पांघरूण फेकायचा प्रश्न नाही. अंगात एक झबलं असले की पुरे. मग तिचे पाय झोळीबाहेर येऊ लागले आणि सुनेने तिला पलंगावर घेतले. पहिल्याच रात्री गोधडी पायथ्याशी, उशी खाली आणि आमची नात आडवी! पलंगावर लेकरू लोळते, पांघरूण लाथाडते आणि मुख्य म्हणजे रात्री एकटे उठून खाली उतरते. म्हणून आता अंगातला कपडा हेच त्याचे पांघरूण, आणि तोच कपडा घालून ते अंधारात चालणार, हे धरून तो निवडावा लागतो.

माझे आजोबा पिंजारी. खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव गाद्या-रजया भरून देत हिंडायचे. कापसाची पारख घरातली. एके काळी आमच्या वऱ्हाडच्या कापसाला परदेशी बाजारात 'उमरा' म्हणत. ते नाव उमरावतीवरूनच, म्हणजे अमरावतीवरून पडले. सुती कापड घाम शोषते, हवा खेळू देते. पॉलिएस्टर घाम फारसा शोषत नाही, तो अंगावरच राहतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा याचा अर्थ घामोळ्या भरलेल्या पाठीवरून कळतो. पूर्वी बाळाचे पहिले कपडे जुन्या धोतराचे शिवत, यात गरिबी होती तसे शहाणपणही होते. अनेकदा धुतलेल्या सुताइतके मऊ दुसरे काही नाही. नवीन कापड घ्यायचे तर आधी धुवावे. खळ जाते आणि आटायचे तेवढे आटून घेते.

आता ते 'का'. मी शाळेत असताना ईदला माझ्या धाकट्या बहिणीला नायलॉनचा झालरींचा फ्रॉक आणला होता. ती तीन वर्षांची. रात्री फ्रॉक काढू देईना. अम्मीने दोनदा म्हटले, "उतार बेटी," मग दमून तिला तशीच झोपवले. मध्यरात्री पोर खाटेवरून उतरली, कोपऱ्यात चिमणी जळत होती. घेरदार झालर ज्योतीवरून गेली. अम्मीने रजई टाकून आग विझवली, पण नायलॉन जळताना वितळते आणि वितळलेले कातडीला चिकटते. बहिणीच्या पोटरीवर तो डाग आज नातवंडे झाल्यावरही आहे. तेव्हा कुणी त्यावर शाई लावायला सांगितली, कुणी तूप. भाजल्यावर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडत राहावे आणि दवाखान्यात न्यावे, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हते.

मग सुती कपडा पेटत नाही का? पेटतो, आणि लवकर पेटतो. लव असलेले फ्लॅनेल तर अधिकच. अमेरिकेत हा प्रश्न मोठा झाला होता. तिथे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लेकरांचे रात्रीचे कपडे सहज पेटू नयेत असा नियम आला. कारखानदारांनी कापडात 'ट्रिस' नावाचे रसायन घातले. ते कर्करोगाला कारण ठरू शकते असे दिसल्यावर १९७७ मध्ये अशा कपड्यांवर बंदी आली. शेवटी १९९६ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने मान्य केले, की कपडा अंगाबरोबर बसणारा असेल तर साधे सूतही चालेल. कारण सोपे आहे. अंगासरशी असलेला कपडा ज्योतीपर्यंत हेलकावत जात नाही, आणि कापड व अंग यांच्यात हवा कमी म्हणून आग भराभर पसरत नाही. घट्ट म्हणजे वळ उठणारा नव्हे. पण "वाढत्या अंगाचा घ्या" हा आपला बाजारातला मंत्र शाळेच्या गणवेशाला ठीक, झोपताना नको. लांब पायजम्यात पाय अडकून लेकरू तोंडावर पडते ते वेगळेच.

पायजमा हा शब्द फारसी : पाय आणि जामा, म्हणजे पायांचे वस्त्र. आपल्याकडून तो इंग्रजीत गेला आणि तिथे झोपेचाच पोशाख होऊन बसला. लेकराच्या पायजम्याला मात्र नाडी नको, सैलसर इलॅस्टिक हवे. रात्री लघवीला उठलेल्या पोराला ते स्वतः खाली करता आले पाहिजे. टोपीचे, गळ्याचे बंद नकोत. आणि हे जरा धीराने सांगतो : गळ्यातला काळा दोरा असो की तावीज, झोपताना काढून ठेवावा. पलंगाच्या कडेला अडकला तर फास बसतो. आमच्या घरी यावर दोन दिवस अबोला झाला. माझे म्हणणे एवढेच होते, की उशाजवळच्या खुंटीवर टांगला म्हणून दुवा कमी होत नाही. सेफ्टी पिन आणि सुटत आलेली बटणेही रात्री नकोत.

थंडीत एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन पातळ सुती घालावे. पहाटे एक काढता येतो. लेकराचे हात गार लागले म्हणून घाबरू नये. मानेमागे हात लावावा. तिथे घाम असेल तर कपडे जास्त झाले. गुळगुळीत फरशीवर मोजे घसरतात, त्यापेक्षा अनवाणी बरे. रंग फिका घ्यावा. आमच्याकडे विंचू निघतात, फिक्या कापडावर तो दिसतो. तरी घालण्याआधी कपडा झटकावाच.

नातीसाठी माझ्या दोन जुन्या कुर्त्यांचे दोन जोड शिंप्याकडून शिवून घेतले. तिची अट एकच होती, खिसा पाहिजे. शिंपी म्हणाला, "रात्री खिसा कायले पाह्यजे लेकराले?" खिसा शिवला आहे. झोपण्याआधी तो तपासायचे काम माझ्याकडे आहे. काल त्यात दोन चिंचोके निघाले.