गच्चीवरील प्रसरण-सांधा

सपाट गच्चीचा स्लॅब ओतून, त्यावर पाणी मारून तो पक्का झाला म्हणजे कायमचा निश्चल झाला, अशी गृहस्थाची समजूत असते. वस्तुतः तो उन्हाने प्रसरण पावतो, गारव्याने आकसतो, आणि हा क्रम इमारत उभी असेतोवर खंडत नाही. तपमान एका अंशाने चढले की काँक्रीट मीटरमागे सुमारे 0.01 मिलिमीटर वाढते. आकडा क्षुल्लक वाटला, तरी वऱ्हाडातील एखाद्या शाळेच्या 45 मीटर लांब स्लॅबास 30 अंशांचा चढउतार सोसावा लागला, तर लांबीत साडेतेरा मिलिमीटरांचा फरक पडतो. हा फरक अडवला तर स्लॅबला आणि भिंतींना तडे जातात, यास्तव आय. एस. 456 या भारतीय मानक संहितेने 45 मीटरांहून लांब इमारतींत सामान्यतः एक वा अधिक प्रसरण-सांधे ठेवण्याची तजवीज सांगितली आहे.

सांध्यासाठी स्लॅब, तुळया आणि भिंती यांत बहुधा 25 मिलिमीटरांची फट सोडतात. पण इमारतीला मोकळीक देणारी हीच फट पावसालाही वाट देते. गच्चीवर बर्नरने तापवून चिकटवलेली 3 ते 4 मिलिमीटर जाडीची डांबरी शीट फटीवरून सपाट ओढून नेली, तर दोन्हीकडे घट्ट बसलेल्या त्या शीटच्या 25 मिलिमीटर पट्टीवरच हालचालीचा सारा ताण येतो, आणि कालांतराने ती नेमकी तेथेच फाटते. फट सिमेंटने बुजवणे तर सर्वांत वाईट, कारण दाबले न जाणारे सिमेंट सांध्याचा हेतूच हाणून पाडते.

योग्य रीत अशी की, फटीच्या दोन्ही अंगांना तयार पृष्ठभागापासून निदान 150 मिलिमीटर उंच काँक्रीटची वरवंडी बांधावी, आणि गच्चीचा उतार सांध्यापासून दूर काढावा. वरवंडीच्या पायथ्याशी गोलाई द्यावी, म्हणजे शीट काटकोनात मोडत नाही. प्रायमर मारून, जादा पट्टी चिकटवून, मुख्य शीट वरवंडीच्या माथ्यापर्यंत चढवावी. फटीवर शीटचा वेगळा तुकडा झोळीसारखा सैल सोडून त्याच्या कडा तेवढ्या दोन्ही माथ्यांवर चिकटवाव्यात, आणि वर पत्र्याचे झाकण बसवावे. त्या झाकणाचे स्क्रू एकाच बाजूस आवळायचे, दुसरी बाजू मोकळी राखायची. दोन्हीकडे आवळले, तर एका उन्हाळ्यात स्क्रूंची भोके ओढली जाऊन लांबट होऊ लागतात. हाच सांधा कठड्यातूनही अखंड गेला पाहिजे. तेथे हयगय झाली की गळती हटकून कोपऱ्यातून सुरू होते.

तेव्हा दुरुस्तीचे अंदाजपत्रक मंजूर करण्यापूर्वी संस्थेच्या कार्यकारिणीने कंत्राटदाराकडून सांध्याचा छेद-नकाशा अवश्य मागावा. आणि त्यात वरवंडी, सैल शीट व एका बाजूने मोकळे झाकण या तीन गोष्टी नसतील, तर त्या कागदावर सही करू नये.