बाळोती, बोअरचं पाणी आणि घाणीची व्याख्या

आजचा विषय फळ्यावर वाचून दोघा-तिघांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे ना? मग हे बाळोती धुणं काय?" होय, बाळोतीच. लंगोट म्हणा, दुपटी म्हणा, लेकराची फडकी म्हणा. शुद्ध-अशुद्ध या कल्पनेवर मी वर्षानुवर्षं वर्गात बोललो. सत्तरी उलटल्यावर नातीची बाळोती धुवायला बसलो तेव्हा कळलं, की बोललो त्यातलं निम्मंच खरं होतं.

झालं असं. लेक बाळंतपणाला इथं तीर्थपुरीला आली होती. उन्हाळ्याचे दिवस, डायपरमध्ये लेकरू घामेजतं, म्हणून सुती लंगोट वापरायचे ठरले. धुण्याचं काम मी मागून घेतलं. सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे स्वतःच्या दोन लेकरांच्या वेळी मी या कामाला हातसुद्धा लावला नव्हता. पंधरा दिवसांत नातीचं बूड लालभडक झालं. कुणी म्हणे उष्णता, कुणी म्हणे आईनं तिखट खाल्लं. मी आपला साबण वाढवला, वर जंतुनाशकाचं एक टोपण ओतलं. पुरळ आणखी वाढलं. डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी एवढंच विचारलं, "किती वेळा खळबळता?" मी म्हणालो, एकदा.

म्हणजे मी ज्याला स्वच्छता समजत होतो, तीच लेकराला टोचत होती.

मेरी डग्लस नावाच्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली 'प्युरिटी अँड डेंजर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांच्या मांडणीचा सार असा, की घाण ही वस्तूच्या अंगी नसते, समाजानं लावलेल्या व्यवस्थेत ती वस्तू चुकीच्या जागी आली की तिला घाण म्हणतात. चप्पल दारात ठीक, ताटाशेजारी घाण. हे मी फार आवडीनं शिकवायचो. आता साबणाचंच बघा ना. बादलीत तो साबण, पण लंगोटाच्या धाग्यात राहून गेला आणि लेकराच्या ओल्या कातडीला लागला की तीच घाण! इथवर बाई बरोबर. पण लघवीतले जंतू आपली व्यवस्था मानत नाहीत. लघवीत युरिया असतो. ओलं फडकं तसंच पडलं की जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात. सकाळी बादलीचं झाकण उघडल्यावर डोळ्यांत पाणी आणतो तो हाच.

म्हणून पहिली गोष्ट क्रमाची. शी झाली की ती आधी शौचकुपात टाकायची, मगच फडकं पाण्यात. पहिलं खळबळणं गार पाण्यातच. गरम पाणी आधी ओतलं तर शीतली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात आणि डाग पक्का होतो. अंडं उकडल्यावर जे होतं, तेच. नुसत्या शूचं फडकंही असंच गार पाण्यातून काढून पिळून ठेवा. रात्रभर पाण्यात भिजत घालण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. भिजत घातलेली बादली म्हणजे जंतूंची सोय, शिवाय घरात रांगतं लेकरू असेल तर बुडण्याचा धोका. पिळलेली फडकी कोरड्या बादलीत ठेवा आणि रोजची रोज धुवा.

आता पाणी. आपल्याकडं बहुतेक घरी बोअर. ते पाणी काळ्या खडकातून झिरपत येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. घरीच बघा: बाटलीत पाणी घ्या, वडीच्या साबणाचा कीस टाका, हलवा. फेस कमी आणि पांढरट साका जास्त, तर पाणी जड. हाच साका लंगोटात बसतो. कापड कडक होतं, पाणी शोषत नाही. मग आपण आणखी साबण लावतो, म्हणजे आणखी साका. मी पंधरा दिवस नेमकं हेच केलं. उपाय आपल्या आयांना माहीत होता: धुण्याचा सोडा. खाण्याचा नव्हे हं! बादलीभर गरम पाण्यात मोठा चमचाभर सोडा आधी विरघळवायचा, मग बेताची धुण्याची पावडर. पावडर जड पाण्यात वडीसारखा साका करत नाही. अर्धा तास ठेवा, चोळा, आणि पाण्यात फेस दिसेनासा होईपर्यंत खळबळा. आमच्याकडे तीन पाणी लागतात. कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव्य अजिबात नको, त्याचा थर बसून कापड शोषणं सोडतं. जंतुनाशकाचीही रोज गरज नाही.

तीन पाणी म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, दिसतंय मला. २०१३ चा दुष्काळ जालना जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. मी शेवटच्या खळबळण्याचं पाणी झाकून ठेवतो, ते दुसऱ्या दिवशी पहिल्या खळबळण्याला चालतं. शीचं पाणी मात्र शौचालयातच. कोथिंबिरीच्या वाफ्यात नको, हातपंपाजवळ नको, कालव्यात तर नकोच.

इथं थोडं थांबतो. जुन्या घरांत सोयर पाळायचे. दहा दिवस बाळंतिणीला कुणी शिवायचं नाही. त्या माउलीची काही घाण नव्हती, तरी ती वेगळ्या खोलीत. आणि लेकराची शी? "दुधाचीच तर आहे" म्हणून ती अंगणात, मोरीत, कुठंही. पुढं कित्येक महिने. जिथं धोका नव्हता तिथं विटाळ, आणि जिथं खरा धोका होता तिथं कौतुक! तान्ह्याच्या शीतूनही हगवणीचे जंतू पसरतात, मोठ्यांच्या शीसारखेच. बाळोती धुतल्यावर हात साबणानं धुतले पाहिजेत, तेही भाकरी थापायच्या आधी, यात कसलं सोवळं नाही.

मागून एका ताईंनी विचारलंय, मशीनमध्ये चालेल का. चालेल. शी काढून, गार पाण्यातून काढून मगच टाका. ड्रम खच्चून भरू नका आणि शेवटी एक खळबळणं जादा लावा. नवे लंगोट असतील तर वापरण्याआधी चार-पाच वेळा धुवा. कोऱ्या सुतावर कापसाचं नैसर्गिक मेण असतं, ते निघेपर्यंत ओल नीट शोषली जात नाही. आजीच्या जुन्या लुगड्याचं दुपटं मऊ का लागायचं, त्याचं एक कारण हेही आहे.

ऊन लागू द्या. पिवळा डाग उन्हात आपोआप फिका पडतो, जंतूही कमी होतात. डॉक्टरांनी बुरशीचा संसर्ग सांगितला असेल तर सुती फडकी उकळून घ्या. प्लॅस्टिकचं अस्तर असलेली मात्र उकळू नका.

आणि आजी, तुमचा पावसाळ्याचा प्रश्न. पंख्याखाली एकेक सुटं पसरा, दमट असेल तर इस्त्री फिरवा, पण ओलसर घडी कपाटात ठेवू नका. तान्ह्या लेकराला दिवसाला दहा-बारा सहज लागतात, तेव्हा श्रावणात जोड दुप्पट ठेवा. आणि बादलीपाशी आजोबांना बसवा.