मागच्या चाकांकडचा ठोका

आदिलाबादहून इंद्रवेल्ली, उटनूरकडे जाताना चढउतारांवर सतत गिअर बदलावे लागतात. बोलेरोसारख्या गाडीत इंजिनाची ताकद प्रोपेलर शाफ्टमधून मागच्या चाकांना मिळते. त्यामुळे प्रत्येक झटका शाफ्टच्या जॉइंटवर येतो.

ठोका कधी येतो, हे आधी ऐकावे. क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना एकदाच ‘ठक्’ झाले, तर पहिला संशय जॉइंटच्या क्रॉसवर. वेगाबरोबर वाढणारा ठोका फिरत्या भागाचा. चाक एकदा फिरते तेव्हा शाफ्ट साधारण चार वेळा फिरतो, म्हणून जलद ठोके शाफ्टकडे आणि संथ ठोके चाक, ड्रम किंवा बेअरिंगकडे बोट दाखवतात. फक्त खड्ड्यात वाजत असेल, तर पाट्यांचे बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर तपासावेत. डिफरेन्शियल उगाच उघडू नये.

सपाट जागी इंजिन बंद करून, चाकांना नीट उटी लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना फिरवावा. क्रॉस हलला किंवा त्याच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतले ग्रीस संपले आहे. असा क्रॉस लगेच बदलावा. तो तुटला, तर धावत्या गाडीखाली शाफ्ट निखळू शकतो.

वळणावरच आवाज येत असेल, तर मात्र डिफरेन्शियलचे तेल काढून त्यात धातूचे तुकडे आहेत का, ते पाहावे.