पेनांगमध्ये पाच दिवस: काय खावं, कसं ओळखावं, किती फिरावं

काही वर्षांपूर्वी आम्ही एका टूर कंपनीबरोबर पहिल्यांदा परदेशात गेलो. सहा दिवसांत तीन शहरं. छापील कागदावर ‘हलाल जेवणाची सोय’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी बस जिथं जेवायला थांबली, तिथल्या माणसाला मी विचारलं, तर तो म्हणाला, “चिकन आहे, डुक्कर नाही. बिनधास्त खा.” अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ताट हळूच बाजूला सरकवलं. त्यानंतर चार दिवस त्या केळी, बिस्किटं आणि चहावर राहिल्या. त्यांना शुगर आहे. चौथ्या रात्री घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, आणि परक्या शहरात रात्री एक वाजता मी ग्लुकोज शोधत फिरले. घरी आल्यावर अम्मी म्हणाल्या, “बेटा, आता कुठं नेशील तर हजलाच ने.”

त्यामुळे पुन्हा जायचं ठरलं तेव्हा एकच गोष्ट पक्की होती. एकच शहर, पाच दिवस, आणि अम्मी पोटभर जेवल्या पाहिजेत. मुलांचे अब्बू म्हणाले, मलेशियाचं पेनांग बघू. त्या प्रवासात जे समजलं ते इथं लिहिते, कारण आपल्या बऱ्याच घरांत आई-वडिलांना सोबत नेताना हीच अडचण येते.

पेनांग हे मलेशियाच्या वायव्य किनाऱ्याजवळचं बेट. त्यावरचं मुख्य शहर जॉर्जटाऊन. १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटनं इथं ठाणं वसवलं आणि बंदर सुरू झालं. बंदर म्हटलं की माणसं आली: चिनी, मलय, सुमात्राचे अचेनी, अरब, आणि आपल्या देशातून मोठ्या संख्येनं तमिळ मुसलमान. जुनं जॉर्जटाऊन २००८ पासून मलाक्का शहरासोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मात्र तिथलं खाणं का तसं आहे, हे समजायला इमारतींपेक्षा ही माणसंच जास्त उपयोगी पडतात.

सगळ्यात आधी नासी कंदार. मलय भाषेत नासी म्हणजे भात, आणि कंदार म्हणजे खांद्यावर काठी घेऊन दोन्ही टोकांना ओझं लटकवून नेणं. आपल्या भाषेत सरळ सांगायचं तर कावड. तमिळ मुसलमान विक्रेते कावडीच्या एका टोकाला भाताचं भांडं आणि दुसऱ्या टोकाला रश्श्यांची भांडी घेऊन बंदरावरच्या हमालांना जेवण विकायचे. कावड गेली, दुकानं आली, नाव मात्र ‘कावडीचा भात’ असंच राहिलं. कॅम्पबेल स्ट्रीटवरचं हमीदिया हे दुकान १९०७ पासूनचं आहे.

पद्धत अशी. रांगेत उभं राहायचं. काचेमागे पंधरा-वीस पातेली असतात: चिकन, मटण, बीफ, मासे, अंडी, भेंडी, कोबी, कारलं. तुम्ही बोट दाखवायचं, तो भातावर वाढतो. शेवटी तो विचारतो, रस्सा कोणता? इथं ‘चंपूर’ म्हणायचं, म्हणजे मिसळ. तो तीन-चार पातेल्यांतला थोडा थोडा रस्सा भातावर घालतो. ‘बांजिर’ म्हटलं तर पूर! ताट रश्श्यात बुडालंच समजा. खरी चव या मिसळलेल्या रश्श्यात आहे, नुसतं चिकन खाऊन नासी कंदार कळत नाही. पहिल्या दिवशी आम्ही वेगवेगळ्या वाट्या मागितल्या, तर तो आमच्याकडे बघतच राहिला.

एक सावधगिरी. बऱ्याच दुकानांत पदार्थापुढे किंमत लिहिलेली नसते. भात, एक भाजी आणि चिकनचा तुकडा घेतला तर माणशी दहा-पंधरा रिंगिटमध्ये भागतं. एक रिंगिट म्हणजे साधारण वीस रुपयांच्या आसपास. पण मोठी कोळंबी, गाबोळी किंवा माकूळ याकडे बोट गेलं की बिल एकदम उडी मारतं. आमच्या मुलानं दोन मोठ्या कोळंब्या हौसेनं घेतल्या, आणि बिल बघून त्याच्या अब्बूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेव्हा वाढण्याआधीच विचारायचं, ‘बरापा?’ म्हणजे किती?

आता मुख्य प्रश्न. मुस्लिम देश आहे, मग तिथं सगळंच हलाल असणार ना? नाही. पेनांगमध्ये चिनी वस्ती फार मोठी आहे, आणि ज्या पदार्थांसाठी हे शहर जगभर प्रसिद्ध आहे त्यातले कितीतरी त्यांचे आहेत. चार क्वे तियाव म्हणजे तांदळाच्या रुंद पट्ट्यांसारख्या नूडल्स. जुन्या पद्धतीत त्या डुकराच्या चरबीत परततात. पेनांगच्या होक्किएन मीचा रस्सा कोळंबी आणि डुकराच्या हाडांचा असतो, वरून तो नुसता कोळंबीचा दिसतो. ‘मासेच तर आहेत’ म्हणून खाणारा इथंच फसतो.

ओळखायचं कसं? पहिली खूण जाकिमची. जाकिम हे मलेशिया सरकारचं इस्लामी कारभार बघणारं खातं. गोल शिक्का, मध्ये आठ टोकांचा तारा आणि त्यात अरबीत ‘हलाल’. २०११ च्या नियमांनुसार मलेशियात हलालचा दाखला फक्त जाकिम आणि राज्यांच्या इस्लामी परिषदाच देऊ शकतात, कुणाही संस्थेनं स्वतःचा शिक्का छापून चालत नाही. दुकानात दाखला लावलेला असेल तर त्यावरचं नाव, पत्ता आणि मुदत वाचा. शंका आली तर जाकिमच्या वेबसाइटवर दुकानाचं नाव टाकून बघता येतं. माझी मुलगी आठवीत आहे, हे काम मी तिच्याकडेच दिलं होतं आणि ती इन्स्पेक्टरसारखी करत होती.

दुसरी गोष्ट, दाखला नाही म्हणजे हराम असंही नाही. मलय बाईची रस्त्यावरची गाडी, तमिळ मुसलमानाचं चहाचं दुकान, यांतल्या अनेकांनी दाखला घेतलेलाच नसतो. तिथं मालक आणि वाढणारे कोण आहेत ते बघायचं, भिंतीवर आयत असते, आणि सरळ सलाम करून विचारायचं. कुणी वाईट मानत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘नो पोर्क, नो लार्ड’ ही पाटी म्हणजे हलाल नव्हे! तिचा अर्थ एवढाच, की डुक्कर आणि त्याची चरबी नाही. कोंबडी कशी कापली, स्वयंपाकात तांदळाची दारू घातली का, याबद्दल ती पाटी काहीच सांगत नाही. हॉटेलातल्या सकाळच्या नाश्त्यालाही ‘पोर्क-फ्री’ लिहिलेलं असतं, त्याचाही हिशोब हाच. आधीच्या टूरमध्ये त्या माणसानं आम्हाला नेमकं हेच उत्तर दिलं होतं, फक्त तेव्हा आम्हाला फरक नीट मांडता आला नव्हता.

ज्या मोठ्या खाऊगल्ल्यांत सगळ्यांच्याच गाड्या आहेत तिथं, उदाहरणार्थ गर्नी ड्राइव्हवर, मुसलमान विक्रेत्यांचा भाग वेगळा आहे. तिकडेच बसावं, म्हणजे ताटं-भांड्यांचा प्रश्नही उरत नाही.

आमच्या घरात आणखी एक पेच होता. मी मूळची दापोलीकडची कोकणी, म्हणून शाफई. सासर सोलापूरचं, हनफी. मलेशियात सगळीकडे शाफई मसलक, म्हणजे माझ्या माहेरचंच! समुद्री खाण्यात तिथं फार मोकळीक आहे. माकूळ, तिसऱ्यांसारखे शिंपले, सगळं बिनदिक्कत खातात, आणि त्यावर हलालचा शिक्काही असतो. हनफी मतानुसार मात्र समुद्रातला फक्त मासाच चालतो, कोळंबीबद्दल उलमांत मतभेद आहेत, माकूळ आणि शिंपले चालत नाहीत. म्हणजे शिक्का बघून शाफई माणूस निर्धास्त, पण हनफी घरानं पुढचा प्रश्न विचारायचाच. मी घातलेली मी सोतोंग, म्हणजे माकुळाच्या नूडल्स, एकटीनं खाल्ल्या. शिवाय बलाचान नावाचा एक पदार्थ तिथल्या जवळजवळ प्रत्येक मिरचीच्या चटणीत असतो. तो म्हणजे आपला जवळा आंबवून, कुटून केलेली वडी. जे कोळंबी टाळतात त्यांनी ‘बलाचान आहे का?’ एवढं विचारावं.

नमाजमध्येही हा फरक दिसतो. असरची जमाअत शाफई वेळेनुसार लवकर होते, आणि फजरच्या दुसऱ्या रकातीत इमाम कुनूत पढतात. मुलांचे अब्बू पहिल्या दिवशी गोंधळले, सगळे हात उचलून उभे आणि हे सजद्याच्या तयारीत! मुलांना घरून आधीच सांगून ठेवलेलं बरं. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, पण सूर्य उशिरा उगवतो. फजर सहाच्या आसपास आणि मगरिब सात ते पावणेआठच्या दरम्यान. बायकांसाठी जागा मशिदीत असतेच, आणि टेलेकुंग नावाचा नमाजचा पांढरा पोशाखही ठेवलेला असतो. मॉल आणि स्टेशनांत ‘सुराऊ’ अशी पाटी शोधायची.

बाकीचं खाणं थोडक्यात सांगते. पसंबूर म्हणजे काकडी, बटाटा, टोफू, अंडं आणि भजी कापून वर रताळ्याचा-शेंगदाण्याचा गोडसर तिखट रस. मुलांना हेच जास्त आवडलं. तमिळ लोकांचं पुतू मायम बघून मी थबकले, कारण त्या आमच्या शिरवाळ्याच! फक्त आम्ही नारळाच्या रसात बुडवतो, ते वर ओलं खोबरं आणि गूळ घालतात. चेंडोल म्हणजे बर्फाचा भुगा, नारळाचं दूध, ताडगुळासारखा काळा गूळ, हिरव्या शेवया आणि राजमा. चहाला ‘तेह’ म्हणतात आणि तो कंडेन्स्ड मिल्कचा, भयंकर गोड. शुगर असणाऱ्यांनी ‘तेह ओ कोसोंग’ मागावा, म्हणजे बिनदुधाचा, बिनसाखरेचा. हे तीन शब्द अम्मींनी तोंडपाठ केले होते. जायफळाच्या फळाचं सरबतही मिळतं. ड्युरियनच्या वासाबद्दल मी काही लिहीत नाही, बहुतेक हॉटेलांत तो आत आणायलाच बंदी आहे.

बघण्यासारखं खूप आहे, पण गुडघे सांभाळून. आम्ही सकाळी नऊ ते बारा एकच भाग, दुपारी झोप, असरनंतर पुन्हा बाहेर, असा नियम केला. दुकानांसमोर छप्पर असलेली पायवाट असते, तिला काकी लीमा म्हणजे ‘पाच फूट’ म्हणतात. ऊन-पावसात सोय छान, पण प्रत्येक दुकानाचा ओटा वेगळ्या उंचीचा आणि मध्येच स्कूटर लावलेल्या. अम्मींची काठी तिथंच कामाला आली. शहरात कॅट नावाची मोफत बस फिरते.

कपितान केलिंग मशीद तमिळ मुसलमानांची, १८०१ च्या सुमारास तिथल्या समाजाच्या पुढाऱ्यानं, कादर मोहिदीन यांनी उभारली. ‘केलिंग’ हा शब्द कलिंगवरून आला असं मानतात. मशिदीच्या नावात तो आहे, पण कुणा माणसाला उद्देशून वापरू नका, आज तो अपमानाचा समजतात. याच रस्त्यावर चर्च, चिनी देवीचं मंदिर आणि मारिअम्मन मंदिर आहे, चालत अर्ध्या तासात चारही दिसतात.

तिथून थोड्या अंतरावर लेबुह अचेहची मशीद आहे, १८०८ ची. अम्मी सगळ्यात जास्त वेळ इथं बसल्या. आगबोटीच्या काळात सुमात्रा आणि मलायाचे हाजी या गल्लीत येऊन उतरायचे, तिकिटं काढायचे, बोटीची वाट बघायचे. गल्लीला ‘दुसरं जिद्दा’ म्हणत. आपल्याकडे मुंबईचं जे स्थान होतं, तेच तिकडे पेनांगचं. अम्मींचे वडील मुंबईहून बोटीनं हजला गेले होते. त्यांना निरोप द्यायला गेलेल्या घरच्यांनी मुसाफिरखान्यात काढलेल्या दिवसांची गोष्ट त्यांनी नातवंडांना त्या मशिदीच्या आवारात बसून सांगितली. मी इतक्या वर्षांत ती ऐकली नव्हती.

पेनांग हिलवर जायला १९२० च्या दशकापासूनची दोरखेच रेल्वे आहे, डबे आता नवे. सकाळी लवकर जा, सुट्टीच्या दिवशी मुळीच नको. वर हवा थंड आहे आणि एक छोटी मशीदही आहे.

जाण्याबद्दल: मुंबईहून क्वालालंपूर पाच तासांचं विमान, पुढे तासाभराचं दुसरं. किंवा रेल्वेनं चार-साडेचार तासांत बटरवर्थ, तिथून फेरीबोट. आम्ही फेरीनंच गेलो, पाण्यातून शहर जवळ येताना बघायला मजा आली. भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत ठरावीक मुदतीची असते, म्हणून तिकीट काढण्याआधी बघून घ्या. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-कार्ड भरावं लागतं. ते सरकारी वेबसाइटवर मोफत आहे, पैसे मागणाऱ्या दुसऱ्या साइटवर जाऊ नका.

परतताना अम्मींनी जायफळाच्या फोडींचं गोड लोणचं दोन बरण्या घेतलं. बरण्या हातातल्या पिशवीत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतात, मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा. आमची एक बरणी फुटली आणि दुसरी शेजारी वाटण्यातच संपली.